टीचरज्जीचं भाषांतर

विद्याश्री मुळातच समाधानी बाई. पस्तिशी उलटली तरी कपाळाला आठी म्हणून नाही, आणि आठी पडावी असं तिच्या संसारात फारसं काही नव्हतंही. नवरा रविकिरण मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. घरी आला की स्वतःची कॉफी स्वतः करणारा, वर बायकोलाही विचारणारा. असा नवरा मिळाल्यावर बाईनं आणखी काय मागावं? घर इट्टिगेगुडला, आणि घराच्या माडीवरच तिची समुपदेशनाची खोली. दोन खुर्च्या, एक सतरंजी, मुलांसाठी खडू नि मातीचे गोळे. प्राणिसंग्रहालय जवळच, त्यामुळे मध्येच कुठलंतरी जनावर ओरडायचं नि नवीन माणूस दचकायचं. जुनी माणसं हसून म्हणायची, "चालू दे, त्याचंही मन मोकळं होऊ दे."

नवीन कुणीही आलं की पहिल्या पाच मिनिटांत विद्याश्री आपलं ठरलेलं वाक्य म्हणायची. "इथं बोललेलं इथंच राहील. एक गोष्ट सोडून. एखाद्या लेकराला कुणी त्रास देतंय असं मला कळलं, अगदी नुसती शंका आली, तरी ते मी पोटात ठेवणार नाही. पोलिसांना सांगणार. कायदा तेच सांगतो आणि मीही तेच सांगते." नऊ वर्षं ती हे म्हणत होती आणि नऊ वर्षं लोक मान डोलवत होते. ऐकत कुणीच नव्हतं. लग्नात मंगलाष्टकं ऐकतात तसं ते ऐकायचे, कधी संपतंय याची वाट बघत.

तिच्याकडे येणाऱ्यांत निम्मी तरी आपली मराठी माणसं असायची. आपली म्हणजे म्हैसूरची, हं. इथल्या राजांच्या फौजेत आलेल्यांची पोरं-नातवंडं. तलवारी केव्हाच गेल्या, घरात भाषा तेवढी राहिली, तीही अर्धीअधिक कन्नडात भिजलेली. पुण्याच्या माणसानं ऐकली तर त्याला वाटेल आपले कान बिघडलेत. पण आजारपण, भांडण, रडणं, हे सगळं याच भाषेत व्हायचं, आणि ती समजणारी समुपदेशक गावात एकटी विद्याश्री.

त्या गुरुवारी सकाळी भागीरथीबाई आल्या तशी विद्याश्री खुर्चीतून उठूनच उभी राहिली. त्यांच्यासमोर ती कधी बसलीच नव्हती. भागीरथीबाई बहात्तर वर्षांच्या. सरकारी कन्नड शाळेत चाळीस वर्षं शिकवलेल्या, हेडमिस्ट्रेस होऊन निवृत्त झालेल्या, आणि आता समाजाच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. सारी गल्ली त्यांना टीचर म्हणे, आणि टीचरनं शिकवलेल्यांची पोरं टीचरज्जी, म्हणजे टीचरआजी. विद्याश्रीच्या वडिलांनी एकेकाळी "पोरीनं वेड्यांचं शिक्षण कशाला घ्यायचं?" असा हट्ट धरला होता, तेव्हा याच बाई त्यांच्या पडवीत दोन तास ठाण मांडून बसल्या होत्या. वडील हो म्हणेपर्यंत त्यांनी कॉफीलाही हात लावला नव्हता. आज विद्याश्री जी काही होती ती त्या दोन तासांमुळे, आणि हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

बाईंच्या मागे अन्नपूर्णा होती, त्यांच्याच गल्लीतली, आणि तिच्या पदराला धरून सात वर्षांची चैत्रा.

"आपलीच पोर गं, कणे," भागीरथीबाई म्हणाल्या. "महिना झाला, धड झोपत नाही. अंथरूण ओलं करते. शनिवार आला की पोटात दुखतंय म्हणते. तू बघ. आणि जे काय असेल ते तुझ्या पोटात ठेव. म्हणून तर तुझ्याकडे आणलंय."

"टीचर, आधी माझं एक सांगायचं राहिलं," म्हणून विद्याश्रीनं आपलं वाक्य म्हटलं.

"हौद, हौद, हो गं. म्हणून घे तुझा मंत्र," बाईंनी हात हलवला नि त्या अन्नपूर्णेला घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

आत चैत्रा मातीचा गोळा वळत बसली. विद्याश्रीनं काही विचारलं नाही. ती शेजारी बसून स्वतःही एक गोळा वळत राहिली. पंधरा मिनिटं गेली असतील. मग चैत्रा मातीकडे बघतच म्हणाली, "पवनमामा सगळ्यांना जा म्हणतात. मला थांब म्हणतात."

पवनमामा म्हणजे पवनकुमार. मंडळाच्या सभागृहात दर शनिवारी बारा मुलांना हार्मोनियम शिकवणारा. गोड गळ्याचा, गोड बोलण्याचा, नवरात्रात पहिली आरती म्हणायचा मान असलेला. साऱ्या पोरांचा मामा.

"मग दार लावतात," चैत्रा म्हणाली. "मग नको तिथं हात लावतात. अम्माला सांगितलं तर देवी अम्माला घेऊन जाईल म्हणतात."

विद्याश्रीनं हातातला गोळा वळणं थांबवलं नाही. चेहराही तिनं हलू दिला नाही, नऊ वर्षांची सवय होती. पुढचं एकही अक्षर तिनं विचारलं नाही, कारण अशा वेळी मोठ्या माणसाचा एक चुकीचा प्रश्नसुद्धा पोराच्या तोंडी शब्द घालतो. ती एवढंच म्हणाली, "सांगितलंस ते फार छान केलंस. तुझं काही चुकलेलं नाही. देवी अम्माला कुठंही नेत नाही." मग वहीत तिनं चैत्राचे शब्द होते तसे, घरच्या भाषेतले, एकही न बदलता लिहून घेतले.

ती बाहेर आली. अन्नपूर्णेचा हात हातात घेऊन तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मला आजच पोलिसांना कळवावं लागणार. आत्ताच."

अन्नपूर्णेनं तोंडावर पदर घेतला. बोलल्या त्या भागीरथीबाई.

"अय्यो, पोलीस कशाला? डोकं फिरलं काय तुझं?"

विद्याश्री त्यांच्याकडे बघतच राहिली. बाईंना धक्का बसला नव्हता. "कोण?" असंसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"टीचर, तुम्हाला ठाऊक होतं."

"कानावर आलं होतं काहीतरी," बाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. "म्हणून तर तुझ्याकडे आणलं. तुझा धंदाच गुपित ठेवायचा. पोरीचं मन हलकं होईल, झोपेल, आणि बाहेर बोभाटा होणार नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरीणबाईकडे नेलं असतं तर आत्तापर्यंत पेपरात आलं असतं."

बघा म्हणजे. सगळ्या म्हैसुरात गोष्ट पुरायला जागा शोधली ती नेमकी हिची खोली. का, तर ही आपली. घरची म्हणून हिच्या ओटीत टाकली की गाठ बसली, असा हिशेब.

"मी रविवारी मंडळाची बैठक बोलावलीय," बाई पुढे म्हणाल्या. "पवनकुमारकडून क्लास काढून घेतो. टी. नरसीपूरला त्याचा भाऊ आहे, तिकडे जाऊन राहा म्हणून सांगतो. आपलेच दात नि आपलेच ओठ. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या या अन्नपूर्णेला पोरीचं लग्न करायचंय."

"टी. नरसीपूरला पोरं नाहीत, टीचर?"

 चाळीस वर्षांत भागीरथीबाईंना असा उलट प्रश्न कुणी केला नसेल. विद्याश्रीचे डोळे भरून आले होते आणि तिला रागही आला होता, दोन्ही एकाच वेळी.

"न कळवलं तर मला सहा महिने आत टाकू शकतात," ती म्हणाली. "पण तो कायदा नसता ना, तरी मी कळवलं असतं. परवा शनिवार आहे. बारा पोरं पेट्या घेऊन त्या दारातून आत जाणार. तुमच्या बैठकीआधी."

"तुझ्या बापाच्या पडवीत मी याचसाठी बसले होते काय?" बाई उठल्या. "तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवायची नाही मी." काठी टेकत त्या जिना उतरल्या. विद्याश्रीनं त्यांना हात दिला नाही, आणि दिला असता तरी त्यांनी घेतला नसता.

अन्नपूर्णा मात्र जागची हलली नव्हती. "अक्का, पोरीचं नाव बाहेर येईल?"

"नाही येणार. नाव, शाळा, फोटो, काही छापायची कुणाला परवानगी नाही."

अन्नपूर्णेनं डोळे पुसले. आत चैत्रा मातीचा हत्ती करत होती. तिच्याकडे बघत अन्नपूर्णा म्हणाली, "मग लावा फोन. माझ्यासमोर लावा." विद्याश्रीनं लावला. आणि गंमत अशी की फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. टीचर दुरावल्या, हे दुःख खरंच होतं. पण रात्री तिला झोप लागली, आणि ती शांत लागली.

शुक्रवारी सकाळी सब-इन्स्पेक्टरबाई आल्या त्या साध्या सलवार-कमीजमध्ये, चपला जिन्याखाली काढून. चैत्राला कुठं बोलायचंय ते तिनंच सांगितलं होतं: मातीच्या हत्तीच्या खोलीत. सतरंजीवर सगळे बसले. मोबाईल स्टुलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू झालं. इन्स्पेक्टरबाईंनी मऊ कन्नडात, लाडानं पुट्टी म्हणत विचारलं, "पुट्टी, काय झालं ते सांगशील?"

"गोत्तिल्ला," चैत्रा म्हणाली. माहीत नाही.

पुन्हा विचारलं. पुन्हा गोत्तिल्ला. शाळेत ही पोर कन्नडात कविता म्हणायची, भांडायची, चहाड्या करायची. कन्नड तिला उत्तम येत होतं. पण हे तिनं पहिल्यांदा सांगितलं होतं घरच्या भाषेत, आणि ते त्या भाषेतून बाहेर यायलाच तयार नव्हतं.

"मी सांगू का भाषांतर करून?" विद्याश्री म्हणाली.

"तुम्ही नको," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तक्रार तुमची. उद्या कोर्टात वकील म्हणेल, सगळं यांनीच पोरीच्या तोंडी घातलं."

यादीवरचा मराठी दुभाषी बोलावला. मिलिंद नावाचा सज्जन गृहस्थ, तीन वर्षांपूर्वी साताऱ्याकडून इथं नोकरीला आलेला. त्यानं फार मायेनं विचारलं, "बाळा, तुझ्याबाबतीत नेमकं काय घडलं, हे तू आम्हाला सांगू शकशील का?" चैत्रानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू टीव्हीवर बातम्या लागल्यात. मग ती आईच्या मागं सरकली. मिलिंद समजूतदार निघाला. तो उठला नि म्हणाला, "मॅडम, माझं मराठी हिला कळत नाहीये. आणि कळलं असतं तरी हे ऐकायला इथं पुरुष नको." आणि तो गेलाही.

इन्स्पेक्टरबाईंनी चैत्रालाच विचारलं, "मग तुझ्यासोबत कोण बसू दे?"

चैत्रानं क्षणभरही विचार केला नाही. "टीचरज्जी."

विद्याश्रीच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या म्हैसुरात दुसरी बाई नव्हती? तिनं इन्स्पेक्टरबाईंना बाजूला घेऊन कालचं सगळं सांगितलं. कसं टीचरना हे दाबायचं होतं, कसं त्या रागावून गेल्या. "त्या येणारच नाहीत. आल्या तरी गोड करून सांगतील."

"पोरीला हव्यात ना? येऊ देत की," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "रेकॉर्ड होतंय सगळं. बदललं तर कळेलच."

फोन अन्नपूर्णेनं केला. अर्ध्या तासानं जिन्यावर काठीचा आवाज आला. कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळाला रेघेसारखं कुंकू. भागीरथीबाई विद्याश्रीकडे न बघता आत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. गुडघे दुखत असून बसल्या. चैत्रा लगेच त्यांना चिकटली.

"ती म्हणेल ते जसंच्या तसं सांगायचं," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "'ती म्हणते' असं नाही. ती 'मी' म्हणाली तर तुम्हीही 'मी'च म्हणायचं. वाढवायचं नाही, कमी करायचं नाही."

"चाळीस वर्षं शिकवलंय मी. भाषांतर मला शिकवू नका."

चैत्रा बोलू लागली. हळू, पण थांबली नाही. "पवनमामा सगळ्यांना जा म्हणतात. मला थांब म्हणतात." भागीरथीबाईंनी ते स्वच्छ कन्नडात सांगितलं. "मग दार लावतात." तेही सांगितलं. "मग नको तिथं हात लावतात," चैत्रा म्हणाली.

बाईंनी एकदा घसा साफ केला. आणि कन्नडात म्हणाल्या, "मग ते मला जरा जवळ घेतात."

विद्याश्रीनं ओठ चावला. तिला बोलायची मुभा नव्हती. इन्स्पेक्टरबाईंनी लिहायला पेन टेकवलं होतं.

"तसं नाही, टीचरज्जी," चैत्रा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. अहो, हे तिला कन्नडात सांगता येत नव्हतं, कळत तर सगळं होतं! ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती, शाळेत फळ्यावर चुकलं की पोरं मास्तरांकडे बघतात तशी.

"जवळ घेतात असं मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "नको तिथं हात लावतात म्हटलं."

भागीरथीबाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला. मग ताठ बसून, वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात, त्यांनी ते वाक्य कन्नडात होतं तसं सांगितलं. त्यानंतरची तीन वाक्यंही सांगितली. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. बहात्तर वर्षांची बाई "मला", "माझ्या" म्हणत होती आणि बोलत होती सात वर्षांची पोर. अन्नपूर्णा हुंदके देत होती. आवाज बाहेर पडू नये म्हणून तिनं पदर दातांत धरला होता.

"हे तू कुणाला सांगितलंस का?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"हो," चैत्रा म्हणाली. "आधी टीचरज्जीला सांगितलं. मंडळात. टीचरज्जी म्हणाली, तुला स्वप्न पडलं असेल, कुणाला सांगू नको."

 कानावर आलं होतं काहीतरी, असं बाई काल म्हणाल्या होत्या. ते काहीतरी हे होतं तर. विद्याश्रीला वाटलं आता बाई उठतील, काठी घेतील नि निघून जातील. त्यांना कुणी अडवलंही नसतं.

"मग?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं. "काय म्हणाली ती? सांगा."

"मी आधी टीचरज्जीला सांगितलं," भागीरथीबाई कन्नडात म्हणाल्या. आवाज फाटला, पण थांबल्या नाहीत. "टीचरज्जी म्हणाली, तुला स्वप्न पडलं असेल. कुणाला सांगू नको."

"मग आणखी दोन शनिवार मी गेले," चैत्रा म्हणाली.

बाईंचा हात काठीवर घट्ट झाला. "मग," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "मग आणखी दोन शनिवार मी गेले."

इन्स्पेक्टरबाईंनी लिहिलं. लिहिताना विचारलं, "टीचरज्जी म्हणजे कोण?"

"मीच," भागीरथीबाई म्हणाल्या. "भागीरथीबाई. पूर्ण नाव लिहा. आडनावासकट लिहा. आणि माझाही जबाब घ्या."

"घ्यावाच लागेल. तुम्हीही आता साक्षीदार. कोर्टात भाषांतराला दुसरं कुणीतरी बघू आम्ही."

"बघा. हिला आवडेल असं बघा."

जबाब झाला. सह्या झाल्या. इन्स्पेक्टरबाई निघाल्या तेव्हा त्यांना उरलेल्या अकरा घरांचे पत्ते हवे होते, आणि मंडळाच्या सभागृहाची किल्ली. किल्ली भागीरथीबाईंच्याच कमरेला होती. ती त्यांनी काढून दिली. "घरांना मी येते बरोबर," त्या म्हणाल्या. "विचारायचं तुम्ही, मी तोंड उघडणार नाही. पण तुम्ही एकट्या गेलात तर दार उघडतील नि काही नाही म्हणतील. मी असले तर निदान बसा म्हणतील." मग पहिल्यांदा त्या विद्याश्रीकडे वळल्या. "गुडघा धरलाय. हात दे."

विद्याश्रीनं दोन्ही हात दिले. बाईंचं सगळं ओझं तिच्या मनगटांवर आलं आणि तिला ते हवंहवंसं वाटलं.  तिचे डोळे वाहत होते, आणि ती हसतही होती.

चैत्रा दारापर्यंत मागं आली. सकाळपासून एवढं बोलली होती, तरी चेहऱ्यावर शीण नव्हता. परीक्षा देऊन आलेल्या पोरासारखी ती बाईंच्या समोर उभी राहिली.

"टीचरज्जी, मी बरोबर सांगितलं ना?"

भागीरथीबाई वाकल्या. वाकवत नव्हतं तरी वाकल्या. "सगळं बरोबर सांगितलंस कणे. चुकले ती मी. पुन्हा कुणी तुझं बोलणं बदललं, तर आज अडवलंस तशीच अडव. मी असले तरी अडव."

"अडवीन," चैत्रा म्हणाली, आणि आईकडे वळून भूक लागल्याचं सांगू लागली.